गरोदरपणात कोलेस्टेरॉल 262 आलं, बाळ फार मोठं होईल का?

प्रश्नातले आकडे: 28 वा आठवडा, उंची 156 सेंमी, गरोदरपणाआधी वजन 67 किलो, आतापर्यंत 7 किलो वाढ, एकूण कोलेस्टेरॉल 262, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 210. तेलकट-स्निग्ध सगळं बंद करू का, असं विचारलंय.

बंद करू नका. लॅबच्या रिपोर्टवर छापलेली मर्यादा गरोदर नसलेल्यांसाठी असते. दिवस भरत येतात तसं एकूण कोलेस्टेरॉल साधारण 25 ते 50 टक्के वाढतं आणि ट्रायग्लिसराइड दुप्पट-तिप्पट होतात. इस्ट्रोजेनमुळे यकृत जास्त चरबी रक्तात सोडतं, शिवाय या काळात इन्शुलिनचा असर कमी होतो, त्यामुळे आईच्या साठ्यातली चरबीही सुटायला लागते. वार (प्लॅसेंटा) याच कोलेस्टेरॉलपासून प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपण टिकवणारं हार्मोन बनवते. म्हणजे 262 हा आकडा या आठवड्यात दचकण्यासारखा नाही. रक्त जेवणानंतर दिलं असेल तर 210 मधला थोडा भाग त्या जेवणाचाही असू शकतो.

बाळाच्या आकाराचा अंदाज एकूण कोलेस्टेरॉलवरून जवळजवळ बांधता येत नाही. आधी बघायचं ते गरोदरपणापूर्वीचं वजन, मग वाढलेले किलो, मग साखर. ट्रायग्लिसराइडचा संबंध आहे, विशेषत: आईचं वजन आधीच जास्त असेल तेव्हा: वारेवरची एन्झाइम्स ते फोडतात आणि सुटलेली फॅटी ॲसिड्स बाळाकडे जातात. पण साखर थेट पोचते. ती जास्त झाली की बाळाचं स्वतःचं इन्शुलिन वाढतं आणि चरबी साठते, मुख्यतः पोटाच्या घेरात. म्हणून 75 ग्रॅम ग्लुकोजची चाचणी झाली नसेल तर याच आठवड्यात उरकून घ्या. उपाशीपोटी 92, तासाने 180, दोन तासांनी 153, यातला एकही आकडा गाठला किंवा ओलांडला तर गरोदरपणातला मधुमेह धरतात (काही ठिकाणी निकष थोडे वेगळे असतात).

आता वजन. तुमचा आधीचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) 27.5 येतो. 25 ते 29.9 या गटाला पूर्ण नऊ महिन्यांत 7 ते 11.5 किलो वाढ सुचवलेली आहे (18.5 ते 24.9 असता तर 11.5 ते 16). पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो आणि पुढे आठवड्याला सुमारे 300 ग्रॅम धरले, तर आत्तापर्यंत 5 ते 6.5 किलो अपेक्षित होते. तुम्ही किंचित पुढे आहात, एवढंच. याच गतीने उरलेल्या 12 आठवड्यांत 3.6 किलो वाढलं तरी 10.6 वर थांबाल. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर करा. रोज केलं तर पाण्याचे चढउतारच दिसतात आणि जीव टांगणीला लागतो.

उपास करून किंवा जेवण निम्म्यावर आणून वजन थोपवायला गेलात तर बाळ लहान राहण्याचा धोका वाढतो, आणि 2.5 किलोखालचं बाळ ही वेगळीच काळजी असते. कापायचंच तर साखरेची पेयं, गोड आणि तळलेलं कापा. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर जेवणानंतर 15-20 मिनिटं चाला, साखरेला त्याने चांगला फरक पडतो.

सोनोग्राफीत बाळाचं वजन 10 ते 15 टक्के इकडेतिकडे होतं. 3.6 किलो लिहिलेलं बाळ 3.2 चं निघू शकतं किंवा 4 चंही. एका आकड्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्यांतला पोटाचा घेर जास्त सांगून जातो.

थांबून न राहण्याच्या गोष्टी: ट्रायग्लिसराइड 500 च्या वर गेले तर डॉक्टरांना लगेच दाखवा. 1000 च्या पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते. वरच्या पोटात पाठीपर्यंत जाणारी कळ आणि उलट्या असतील तर थेट दवाखाना गाठा. आठवड्यात किलोभर वजन अचानक वाढलं, सोबत सूज किंवा डोकेदुखी असेल, तर आधी रक्तदाब मोजा. 140/90 किंवा वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

गरोदरपणाआधीही कोलेस्टेरॉल जास्त होतं किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालाय, तर ते मात्र आवर्जून सांगा. आधी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) चालू असेल तर तेही. गरोदरपणात ते बहुतेकांचं थांबवतात. नाहीतर कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड पुन्हा तपासायची वेळ बाळंतपणानंतर साधारण 6 ते 12 आठवड्यांनी येते.