कमानीला पैसा आहे मग आमच्या गल्लीला का नाही? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकावर दोन पानं लिहिली होती, त्यावर बरीच पत्रं आली, काहींनी तर व्हॉट्सॲपवर घरपट्टीच्या बिलाचे फोटोच पाठवले. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण जे प्रश्न फिरून फिरून आलेत ते घेतो. मी नगरपरिषदेच्या लेखा विभागात 24 वर्षं काढलीत, त्यामुळे पुस्तकातलं कमी आणि टेबलावरचं जास्त सांगेन.

प्रश्न – सर, आमच्या गल्लीचा रस्ता आम्ही सहा वर्षं मागतोय. दरवेळी एकच उत्तर, निधी नाही. आणि त्याच वर्षी चौकात भलीमोठी कमान उभी राहिली, शेजारी कारंजं पण झालं. मग निधी नाही म्हणतात ते खोटं का? – एक दुकानदार, नाशिक जिल्हा (गावाचं नाव छापू नका म्हणालेत)

दादा, कमानीच्या हेडला, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या खात्याला, पैसा होता आणि तुमच्या गल्लीच्या हेडला नव्हता, एवढंच ते आहे, पण हे हेड काय प्रकरण असतं ते कुणी नीट बसवून सांगत नाही आणि मग माणूस चिडतो, ते बरोबरच आहे.

नगरपरिषदेचा पैसा एका पिशवीत नसतो. स्वतःचं उत्पन्न म्हणाल तर पूर्वी खरा आधार जकातीचा होता, नाक्यावर ट्रक थांबला की रोजची रोकड संध्याकाळी तिजोरीत. 1999 साली नगरपरिषदांची जकात बंद झाली, त्याच्या बदल्यात शासन सहायक अनुदान देतं, आणि ते बहुतेक पगार-पेन्शनमध्येच जातं. मग उरलं काय तर घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी, बांधकाम परवानगीचं विकास शुल्क आणि खरेदीखताच्या मुद्रांकावरच्या 1 टक्का अधिभारातला वाटा. त्यातून पाणी उपसायचं वीजबिल भरा, रस्त्यावरचे दिवे, घंटागाडी, औषध फवारणी करा, शिवाय महिला-बालकल्याणाचे 5 टक्के आणि दिव्यांगांचे 5 टक्के बाजूला ठेवा, मग रस्त्याला काय राहतं ते तुम्हीच बघा.

दुसरा पैसा वरून येतो आणि तो बांधून येतो. पंधराव्या वित्त आयोगाचा 2021 ते 2026 चा निधी बघा, छोट्या शहरांसाठी त्यातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छता-घनकचऱ्यालाच बांधलेला होता, त्यातून डांबर टाकता येत नाही. तिसरा प्रकार म्हणजे शासनाच्या योजनांचा, नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण कामं वगैरे. यातल्या वैशिष्ट्यपूर्ण कामांच्या मंजुरीच्या कागदावर कामाचं नाव छापूनच येतं. चौकात कमान म्हटलं की चौकात कमानच, त्यातला रुपया गल्लीत वळवला तर ऑडिटला आक्षेप निघतो आणि वसुली लागते.

पण इथं समाधान मानू नका. त्या कागदावर कमानीचं नाव आलं कुठून? ते इथूनच प्रस्तावात गेलं होतं. आणि तुमच्या गल्लीचं नाव का गेलं नाही, तर तुमचा प्रस्ताव तयारच नव्हता. आमच्या बांधकाम विभागात एक लोखंडी कपाट होतं. वरच्या कप्प्यात तयार एस्टिमेटच्या फाईली, नकाशा लावलेल्या, दर धरलेल्या, सह्या झालेल्या. खालच्या कप्प्यात नागरिकांचे अर्ज, नुसते अर्ज, त्यावर आवक नंबर आणि धूळ. मार्च जवळ आला की कलेक्टर ऑफिसच्या नगरपालिका शाखेतून फोन यायचा, अमुक योजनेत निधी शिल्लक आहे, चार दिवसांत प्रस्ताव पाठवा. चार दिवसांत कोण मोजमाप घेणार आणि कोण दर काढणार, हात आपोआप वरच्या कप्प्यात जायचा. जे नगरसेवक वर्षभर इंजिनिअरच्या मागे लागून एस्टिमेट करून घ्यायचे त्यांच्या वॉर्डात कामं व्हायची, ज्यांनी फक्त सभेत आरडाओरडा केला त्यांच्या नाही. हे मी 24 वर्षं बघितलंय.

म्हणून पुढच्या अर्जात नुसतं "रस्ता करून मिळावा" लिहू नका. अमुक घरापासून तमुक घरापर्यंत, अंदाजे लांबी-रुंदी, गटार कुठल्या बाजूला, खालची पाण्याची लाईन किती जुनी, आणि शेवटी स्पष्ट लिहा की या कामाचं एस्टिमेट तयार करून तांत्रिक मान्यतेला पाठवावं आणि केलेल्या कार्यवाहीची प्रत द्यावी. पाण्याच्या लाईनचं मुद्दाम सांगतोय. आमच्याकडे एका गल्लीत मस्त काँक्रीट झालं, ओल्या काँक्रीटवर पोरांनी काडीने आपापली नावं कोरली होती, आणि चार महिन्यांत तो रस्ता नव्या जलवाहिनीसाठी फोडला, ती नावं तशीच्या तशी तुकड्यांवर पडलेली होती रस्त्याच्या कडेला. पाण्याचा पैसा एका हेडचा, रस्त्याचा दुसऱ्या हेडचा, आणि दोन्ही फाईली एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत. मला ते तुकडे अजून दिसतात.

आणि अर्ज दिवाळीनंतर लगेच द्या. अंदाजपत्रक 1 एप्रिलपासूनचं असतं पण जुळवाजुळव थंडीतच होते, मे महिन्यात गेलात तर ते वर्ष गेलं म्हणून समजा.

प्रश्न – नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेला सामान्य माणसाला बसता येतं का? आणि हे "ऐनवेळचे विषय" म्हणजे काय असतं? – निवृत्त शिक्षक, भगूर

बसता येतं गुरुजी, प्रेक्षक म्हणून, मध्ये बोलता येत नाही इतकंच. सभेची नोटीस आणि विषयपत्रिका आधी निघते, ती नोटीस बोर्डावर बघा. तुमच्यासारखी चार शांत माणसं वही घेऊन मागच्या बाकावर बसली तरी सभेचा नूर बदलतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय, नगरसेवक विषय वाचून यायला लागतात.

ऐनवेळचा विषय म्हणजे जो विषयपत्रिकेत नव्हता आणि सभा संपताना "अध्यक्षांच्या परवानगीने" म्हणून घेतला जातो. पाईप फुटला, साथ आली तर अशी सोय लागतेच, त्याला ना नाही. पण जागा भाड्याने देणं, मोठी खरेदी, कुणाला मुदतवाढ असे विषय शेवटच्या पाच मिनिटांत आले तर कान टवकारा. नंतर इतिवृत्त, म्हणजे सभेची लेखी नोंद, मागून घ्या, 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आणि पानाला 2 रुपये, यापेक्षा जास्त खर्च नाही. इतिवृत्तात सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कुणी नोंदवला ते सगळं असतं. ठराव बेकायदेशीर वाटला तर 1965 च्या नगरपरिषद कायद्याच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात, अर्ज मात्र मुद्देसूद हवा, कुठला ठराव, कुठल्या तारखेचा, कुठला नियम मोडला. "भ्रष्टाचार चालू आहे" एवढ्याच ओळीवर काही होत नाही.

अजून एक, सलग एकाच रस्त्याची तीन कामं तीन नावांनी दिसली, मंदिर ते पिंपळ, पिंपळ ते शाळा, शाळा ते नाला, तर विचारा की हे तुकडे का पाडले. ठराविक रकमेच्या वर गेलं की ई-टेंडर लागतं आणि स्पर्धा होते, ती टाळायला तुकडे पाडले जातात. कधी कारण खरंही असतं, पण उत्तर लेखी घ्या.

प्रश्न – मला पैठणीच्या विणकामाचं छोटं युनिट टाकायचंय, सहा माग. मित्र म्हणतो नगरपरिषदेकडे अर्ज कर, नवीन धंद्याला टॅक्स माफ करतात आणि गाळा पण देतात. खरं आहे का? – एक तरुण, येवला

मित्राला सांग बाबा, धंद्याची सवलत नगरपरिषदेच्या हातात फार थोडी आहे. बाहेरच्या देशांत म्हणे शहरंच कारखान्यांना करमाफी देऊन बोलावतात, आपल्याकडे तो मोठा हात राज्य सरकारचा आहे. सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून आहे, तालुक्यांचे मागासलेपणाप्रमाणे अ, ब, क, ड असे गट पाडलेत आणि त्याप्रमाणे राज्याच्या जीएसटीचा परतावा, वीज शुल्क माफी, मुद्रांक शुल्क माफी ठरते. ते सगळं जिल्हा उद्योग केंद्रातून होतं. तुझ्या आकाराच्या कामाला मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम बघ, 2019 पासूनचा, कर्ज बँकेचं आणि वर अनुदान, शहरी भागात खुल्या गटाला प्रकल्प खर्चाच्या 15 टक्के, महिला आणि राखीव गटांना 25, ग्रामीण भागात हेच 25 आणि 35. आधी जिल्हा उद्योग केंद्र, मग बँक, नगरपरिषदेत नंतर जा.

शॉपॲक्टसाठी पण नगरपरिषदेत जायचं नाही, ते कामगार विभागाचं, आणि 2017 च्या कायद्यानंतर तुझ्यासारख्या छोट्या युनिटने नुसती ऑनलाईन सूचना द्यायची. व्यवसाय कर राज्याचा. कर माफ करायचा तर नगरपरिषदेला मनाने करता येत नाही. आणि गाळा कुणाला आवडला म्हणून देता येत नाही, ती सार्वजनिक मालमत्ता आहे, जाहीर लिलाव, अनामत, ठराविक मुदत. एखाद्याला ठरावाने स्वस्तात दिला तर पुढे तो ठराव आणि ते भाडं दोन्ही कोर्टात जाऊन बसतात आणि त्यात गाळेधारकाची दहा वर्षं जातात.

मग नगरपरिषद तुझ्यासाठी काय करू शकते? माझ्या मते जे खरं लागतं तेच, बोर्डावर न दिसणारं. रेशीम रंगवायला पाणी लागतं, ते ठरलेल्या वेळी येणं, रंगाचं पाणी जायला गटार असणं, पर्यटकांची गाडी थांबायला जागा, रात्री गल्लीत दिवा, बांधकाम परवानगी वेळेत मिळणं. तुम्ही विणकर एकत्र येऊन विणकरांच्या वस्तीतल्या गटाराचं आणि पार्किंगचं काम अंदाजपत्रकात घालून घेतलंत ना, तर एका वर्षाच्या घरपट्टी माफीपेक्षा ते कितीतरी जास्त उपयोगाचं आहे. माफी एकदाच मिळते, गटार वीस वर्षं वाहतं. पहिल्या उत्तरातली एस्टिमेटची गोष्ट तुला पण तशीच लागू आहे.

प्रश्न – आमच्याकडे महानगरपालिका आहे. घरपट्टी कोण ठरवतं, आयुक्त की नगरसेवक? निवडणुकीत सगळे म्हणतात आम्ही कमी करू. – गृहिणी, नाशिकरोड

ताई, महापालिकेचा कायदा वेगळा, 1949 चा. अंदाजपत्रक आयुक्त करतात, ते 16 सदस्यांच्या स्थायी समितीपुढे जातं आणि तिथून महासभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत. तुमच्या बिलात दोन गोष्टींचा गुणाकार असतो. एक म्हणजे घराचं करयोग्य मूल्य, चौरस फुटाला किती भाडं येईल यावरून काढलेलं, ते काम प्रशासनाचं. दुसरी म्हणजे त्यावरचा कराचा टक्का, तो महासभा ठरवते आणि कायद्याने 20 फेब्रुवारीच्या आत ठरवावा लागतो. नाशिकला 2018 मध्ये जो वाद पेटला तो पहिल्या गोष्टीवरून, तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढे यांनी मूल्याचे दर वाढवले, मोकळ्या जागाही आल्या त्यात, आणि शहरभर आंदोलनं झाली. टक्का न वाढवताही बिल वाढू शकतं ते असं. त्यामुळे "कमी करू" म्हणणाऱ्याला विचारा, टक्का कमी करणार की मूल्य, आणि कमी झालेला पैसा कुठल्या हेडमधून भरून काढणार. मार्च 2022 पासून पुढे लोकप्रतिनिधी नसताना प्रशासकच आयुक्त आणि प्रशासकच महासभा असा कारभार झाला, त्या काळात हा प्रश्न विचारायला समोर माणूसच नव्हता, मला ती फार मोठी उणीव वाटते.

बिल चुकीचं वाटलं तर हरकत मुदतीत द्या, आणि वाद चालू आहे म्हणून भरणा थांबवू नका, थकलं की महिन्याला 2 टक्के शास्ती चढते आणि मूळ भांडण बाजूला राहून ती शास्तीच मोठी होऊन बसते.

प्रश्न – भाजीची गाडी लावतो. बाजारासाठी ओटे बांधणार म्हणतात, आम्हाला कुणी विचारलं नाही. – मनमाड

विचारावंच लागतं भाऊ. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समिती असते आणि तिच्यात 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच हवेत, त्यातल्या किमान एक तृतीयांश बायका. समिती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, ओट्यांची जागा बैठकीत आली का, हे तीन प्रश्न लेखी विचारा. सर्वेक्षणात नाव आहे का ते पण बघून घ्या आणि प्रमाणपत्र जवळ ठेवा. आणि ओटे कुठं हवेत ते आत्ताच सांगा, गिऱ्हाईक घरी जाताना ज्या रस्त्याने जातं तिथं. मी एका गावात गावाबाहेर बांधलेले ओटे बघितलेत, पत्रे चांगले, फरशी चांगली, पाण्याचा नळ पण होता, आणि भाजीवाल्या मावश्या मात्र जुन्या जागी एसटी स्टँडच्या भिंतीला टेकून बसलेल्या, कारण संध्याकाळच्या गाड्या तिथं लागतात.