वाचकांचे प्रश्न : कोला रुजत नाही, रुजला तर फळत नाही

प्रश्न : आम्ही नायजेरियात इबादानला राहतो. बाजारातून कोलाच्या (इकडे चघळतात त्या कडवट बियांच्या झाडाच्या) ताज्या बिया आणल्या, चार दिवस उन्हात वाळवल्या आणि कुंडीत लावल्या. दीड महिना झाला, एकही उगवली नाही. उकरून पाहिलं तर दोन कुजलेल्या. काय चुकलं?

उत्तर : वाळवण्यात चुकलं. कोलाचं बी फणसाच्या आठळीसारखं, सुकलं की मेलं. तिथले व्यापारीही बिया रुंद पानांनी मढवलेल्या टोपल्यांत ओलसर ठेवतात, अधूनमधून पानं बदलतात आणि सडलेल्या निवडून काढतात. अशा काही महिने मुरलेल्या बिया अगदी ताज्या बियांपेक्षा लवकर आणि एकसारख्या रुजतात. ताज्या बीला सुप्तावस्था असते, म्हणजे ती काही काळ रुजतच नाही.

पुन्हा आणाल तेव्हा टपोऱ्या, जड, न फुटलेल्या आणि भोक नसलेल्या बिया घ्या. जी बी दोन पाकळ्यांत (दलांत) उकलते ती कोला निटिडा, तिथला ‘गोरो’. तीन ते सहा पाकळ्यांची कोला अक्युमिनाटा, तिथल्या योरुबा लोकांची ‘ओबी अबाता’. लावण्याची पद्धत दोन्हींची सारखीच. ओलसर लाकडी भुशात किंवा भुसभुशीत मातीत बी आडवी ठेवून वर ५ सेंमी थर द्या. भुसा मुठीत दाबल्यावर पाणी गळता कामा नये. तुमच्या दोन बिया बहुधा जास्त पाण्यानेच कुजल्या. सावली ठेवा. रुजायला एक ते तीन महिने लागतात, आणि सगळ्या एकदम उगवत नाहीत. बीच्या पाकळ्या मातीखालीच राहतात, आधी सोटमूळ खाली जातं आणि कोंब नंतर वर येतो. म्हणून उकरून बघण्याची घाई करू नका, मूळ तुटतं.

रोप बोटभर झालं की किमान ३० सेंमी खोल पिशवीत हलवा. उथळ पिशवीत सोटमूळ वळतं आणि झाड पुढे कायमचं खुरटतं. ६ ते ९ महिन्यांचं रोप पावसाच्या सुरुवातीला ६० सेंमीच्या खड्ड्यात, ७ ते ८ मीटरवर लावा. आधी केळी लावून सावली तयार ठेवली तर पहिला कोरडा हंगाम निभतो.

प्रश्न : शेताच्या बांधावर जुनं कोलाचं झाड आहे. मोहर भरपूर, फळ एकही नाही. खत घालू का?

उत्तर : खताने काही होणार नाही. आधी फुलं हातात घेऊन बघा. फुलाला पाकळ्या नसतात, त्यांच्यासारखी दिसणारी पाच मलईरंगी निदलं असतात आणि आत गर्द तांबडा डाग. लहान फुलांत फक्त परागकोशांचं कडं दिसेल, ती नर. मोठ्या फुलात मधोमध पाच कप्प्यांचा बीजकोश दिसेल, फळ तिथेच धरतं. म्हणूनच एका देठावर चांदणीसारख्या पाच शेंगा लागू शकतात.

सगळी फुलं नरच असतील तर झाडाकडून आशा नाही. मोठी फुलं असूनही फळ धरत नसेल तर बहुतेक कारण परागाचं. कोला स्वतःच्या परागाने फळत नाही, आणि शेजारच्या प्रत्येक झाडाशीही त्याचं जमतंच असं नाही. जवळपास वेगवेगळ्या मूळ झाडांची चार-पाच झाडं हवीत. एकाच झाडाच्या छाट कलमांचा बाग केला तर सगळी एकाच वाणाची होऊन तीच अडचण पुढे येते. बियांपासूनच्या झाडाला फळ यायला सात-आठ वर्षं लागतात, कलमाला त्याच्या निम्मी. दोन्ही मिसळून लावा.

प्रश्न : रत्नागिरीत सुपारीच्या बागेत कोला लावता येईल का? नातलग नायजेरियाहून बिया आणू शकतील.

उत्तर : सामानातून आणू नका. लावण्यासाठीचं बी देशात आणायला आयात परवाना आणि तिथलं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यातच कोलात सोंड्या भुंग्याच्या अळ्या लपून येतात. हवामानाचं विचाराल तर कोकणात पाऊस पुरेसा, पण तो चार महिन्यांत आटोपतो. कोलाला तो वर्षभर पसरलेला हवा. ठिबक आणि सुपारीची सावली असेल तरच विचार करावा. पाणी तुंबणारी जागा टाळा.

प्रश्न : साठवलेल्या बियांना भोकं पडून भुकटी गळते.

उत्तर : वर सांगितलेला सोंड्या भुंगाच हा. तो शेतातच आत शिरतो आणि साठवणीत वाढतो. शेंगा उकलण्याआधी तोडा, खाली पडलेल्या बिया आणि जुनी टरफलं झाडाखाली राहू देऊ नका. भोकाची प्रत्येक बी टोपलीबाहेर काढा, उरलेल्या दर आठवड्याला तपासा.