दुसरी प्रसूती मिडवाइफच्या देखरेखीखाली करावी का?

प्रश्न : मी इंग्लंडमधील रेडिंग येथे राहते. माझ्या पहिल्या मुलाचा जन्म पुण्यात एका खासगी रुग्णालयात झाला. प्रसूती नैसर्गिक होती. परंतु कळा वाढवण्यासाठी सलाइन लावले होते, मला सतत उताणे झोपवून ठेवले होते आणि टाके भरून यायला फार दिवस लागले. आता मला 31 वा आठवडा चालू आहे. साखर आणि रक्तदाब ठीक आहेत, हिमोग्लोबिन 101 आहे. माझ्या मिडवाइफने, म्हणजे प्रसूतीचे प्रशिक्षण घेतलेल्या सेविकेने, रुग्णालयाच्याच इमारतीतील, मिडवाइफच सर्व काही पाहतात असा प्रसूतिकक्ष सुचवला आहे. बाळंतपणासाठी नाशिकहून येणाऱ्या सासूबाईंना मात्र हे मुळीच पसंत नाही. “सुईणीच्या हातून आम्ही कशाबशा सुटलो, आणि तू पुन्हा तिकडेच निघालीस,” असे त्या म्हणतात. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या मिडवाइफने सुचवलेली जागा तुमच्यासाठी योग्य आहे, असे माझे मत आहे. मात्र हिमोग्लोबिनचा जो आकडा तुम्ही ओघात लिहून गेला आहात, त्याकडे आजपासूनच लक्ष द्यावे लागेल.

सासूबाईंची काळजी अनाठायी नाही. त्यांनी पाहिलेल्या सुईणीच्या हाताला अनुभव असेलही, पण वार (प्लॅसेंटा) अडकली किंवा रक्तस्राव थांबेना, तर तिच्याजवळ ना इंजेक्शन होते ना जवळपास रुग्णालय. मिडवाइफचे तसे नाही. इंग्लंडमध्ये 1902 च्या कायद्याने हा व्यवसाय नोंदणीच्या चौकटीत आणला आणि आज विद्यापीठातील शिक्षण पूर्ण करून नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे नोंदणी केल्याशिवाय तेथे कोणालाही मिडवाइफ म्हणून काम करता येत नाही. भारत सरकारनेही 2018 मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढून परिचारिकांसाठी 18 महिन्यांचे स्वतंत्र प्रशिक्षण ठरवले. हे सासूबाईंना शांतपणे सांगा, कारण त्यांच्या मनातले चित्र त्यांनी स्वतः सोसलेल्या काळातले आहे.

दुसरेपणाचा मुद्दा तर तुमच्या बाजूचाच आहे. इंग्लंडमधील चौसष्ट हजारांहून अधिक कमी जोखमीच्या गर्भवतींचा ‘बर्थप्लेस’ हा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिलटकरणीने घरी प्रसूतीचे ठरवले असता बाळाला असलेला धोका काहीसा वाढतो, असे त्यात आढळले. परंतु ज्यांची आधी प्रसूती झालेली होती त्यांच्या बाळांच्या बाबतीत घर, मिडवाइफचा कक्ष आणि डॉक्टरांचा विभाग यांत लक्षणीय फरक दिसला नाही, आणि मिडवाइफकडे शस्त्रक्रिया व इतर हस्तक्षेप कमी झाले. तुमच्यासारख्या रुग्णालयाला लागून असलेल्या कक्षातून पहिलटकरणींपैकी शंभरात सुमारे चाळीस जणींना डॉक्टरांकडे हलवावे लागले, तर आधी प्रसूती झालेल्यांपैकी साधारण बारा-तेरा जणींना. हे हलवणे तुमच्या बाबतीत एकाच इमारतीत होणार असल्यामुळे घरापेक्षा हा कक्ष मला अधिक पसंत आहे. पाठीत देण्याची भूल, म्हणजे एपिड्युरल, तेथे मिळणार नाही. ती हवीशी वाटली तर दुसऱ्या विभागात जावे लागेल, आणि तसे मागण्यात कोणताही कमीपणा नाही.

पुण्यात जे तुम्हाला सर्वांत जास्त सलले, ते येथे बहुतांशी टळू शकते. कळा चालू असताना मिडवाइफ दर 15 मिनिटांनी, एक कळ ओसरल्यावर पूर्ण मिनिटभर, हातातल्या लहान यंत्राने बाळाचे ठोके ऐकते आणि तुम्ही जोर करू लागल्यावर दर 5 मिनिटांनी ऐकते. मधल्या वेळात तुम्ही चालू शकता, ओणवे होऊ शकता, कोमट पाण्याच्या टबात बसू शकता. बाळाचे डोके दिसू लागले की ती गरम पाण्यात पिळलेली घडी मायांगाखालच्या ताणलेल्या भागावर धरते आणि जोर थांबवून केवळ श्वास सोडायला सांगते, जेणेकरून डोके सावकाश बाहेर यावे. मागचे टाके छेद घेतल्यामुळे पडले असले, तरी या वेळीही छेद घ्यावा, असा नियम नाही. तरीसुद्धा पुण्याचे डिस्चार्ज कार्ड मागवून घ्या. जखम गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेली होती का, वार हाताने काढावी लागली होती का आणि रक्तस्राव जास्त झाला होता का, हे त्यावरून कळेल. यांपैकी काहीही घडले असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जागा पक्की करू नका.

आता हिमोग्लोबिन. तुमचे 101 म्हणजे आपल्याकडच्या मापाने 10.1. तेथील राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार 85 च्या खाली असेल तर प्रसूती डॉक्टरांच्या विभागातच सुचवली जाते आणि 85 ते 105 या टप्प्यात प्रत्येकीचा वेगळा विचार केला जातो. प्रसूतीनंतर होणारा रक्तस्राव शरीराला पेलावा, हे त्यामागचे कारण. लोहाच्या गोळ्या चालू नसतील तर लगेच विचारा. गोळी चहा किंवा दुधाबरोबर न घेता लिंबाच्या सरबताबरोबर घ्या आणि दोन-तीन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासा. याच कारणासाठी, बाळ जन्मल्याबरोबर मांडीत दिले जाणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन तुम्ही आनाकानी न करता घ्यावे, असा माझा आग्रह आहे. त्यामुळे वार लवकर पडते आणि रक्त कमी जाते; नाळ त्यानंतरही मिनिटभर थांबूनच बांधता येते.

दुसऱ्या वेळी कळा जोर धरल्यापासून सरासरी पाचेक तासांत प्रसूती होते, पहिल्या वेळी आठेक तास लागतात. म्हणून मागचा अनुभव धरून घरी थांबू नका. कळा नियमित होताच किंवा पाणमोट फुटताच फोन करा. रात्री-अपरात्री मोठ्या मुलाजवळ कोण थांबणार, हेही आधी ठरवा; त्याच्याजवळ आजी असेल तर तुमचा निम्मा घोर कमी होईल.

सासूबाई तोपर्यंत पोहोचल्या असतील तर 36 व्या आठवड्याच्या तपासणीला त्यांना सोबत न्या, कक्ष दाखवण्याची विनंती करा आणि संकट आले तर डॉक्टर किती वेळात येतात, हे त्यांनाच विचारू द्या. त्या दिवशी हिमोग्लोबिन 105 च्या वर गेलेले असेल, बाळ पायाळू नसेल आणि रक्तदाब आजच्यासारखाच असेल, तर हा कक्ष निश्चिंतपणे निवडा. आणि पुढे 37 आठवड्यांच्या आत कळा आल्या, अंगावरून रक्त गेले किंवा पाणमोटीचे पाणी हिरवट दिसले, तर कोणतीही हळहळ न बाळगता डॉक्टरांच्या विभागात जा.