वाचकांचे प्रश्न : ओढ्याच्या प्रदूषणाचा ऑनलाइन नकाशा

प्रश्न : आमच्या शाळेचे विद्यार्थी पुण्यातील आंबिल ओढ्याच्या प्रदूषणाचा ऑनलाइन नकाशा करणार आहेत. घाण दिसेल तिथे लाल ठिपका आणि छायाचित्र टाकायचे ठरले आहे. लोकांना विषय समजण्यासाठी एवढे पुरेल का? – एक विज्ञानशिक्षिका, पुणे

उत्तर : आमच्या मते पुरणार नाही. ठिपक्यावरून घाण कुठे दिसली एवढेच कळते. ती कुठून आली आणि कुठे जाणार, हे कळायला पाणलोट क्षेत्राची, म्हणजे ज्या भागातले पाणी वाहत ओढ्यात येते त्याची, सीमा व पाण्याची वाट नकाशावर हवी. रस्त्यावर सांडलेले तेल, बांधकामाची माती, उघड्यावरचा कचरा हे सारे पहिल्या पावसात ओढ्यात उतरते. पण ते कुठल्याही एका ठिकाणचे नसल्यामुळे ठिपक्यांत येतच नाही.

म्हणून पाहणाऱ्याला आधी स्वतःचे घर शोधायला लावावे आणि तिथून पाण्याची रेघ दाखवत न्यावे : कात्रजच्या डोंगरउतारावरचे पाणी आंबिल ओढ्याने मुठेत जाते, मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमेचे हे पाणी उजनी धरणात साठते, जिथून सोलापूर शहराला पिण्याचे पाणी जाते. ओढ्यावरच्या दांडेकर पुलाजवळ राहणाऱ्याने ही रेघ एकदा तरी शेवटपर्यंत पाहावी, असे आम्हाला मनापासून वाटते.

रेघ आखण्यासाठी क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचे मोफत सॉफ्टवेअर आणि इस्रोच्या ‘भुवन’ या नकाशांच्या संकेतस्थळावरील भूपृष्ठाच्या उंचीची माहिती वापरता येईल. मात्र ही माहिती साधारण 30 मीटरच्या चौकोनांत असल्याने अरुंद किंवा स्लॅबखाली गेलेला ओढा तीत हुकतो आणि संगणकाची रेघ सरळ इमारतींमधून जाते. ती काठाने चालून दुरुस्त करावी. मोठी माणसे सोबत असावीत आणि पावसाळा टाळावा, कारण 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री याच ओढ्याच्या पुराने माणसे दगावली आहेत.

पाणी तपासणार असाल, तर प्रत्येक आकड्यापुढे तारीख आणि वेळही लिहा. शेवाळलेल्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन दुपारी वाढतो व पहाटे घटतो, त्यामुळे वेळ नसलेला आकडा दिशाभूल करतो. बीओडीची, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीवांना किती ऑक्सिजन लागतो याची, चाचणी प्रयोगशाळेतूनच करून घ्यावी. बीओडी लिटरमागे 3 मिलिग्रॅमहून अधिक असल्यास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीचा तो पट्टा प्रदूषित धरते. मंडळाच्या 2022 च्या अहवालातील अशा 311 पट्ट्यांपैकी 55 महाराष्ट्रातले होते.

केवळ छायाचित्रावरून कोणत्याही कारखान्याचे वा सोसायटीचे नाव नकाशावर टाकू नये. संशय असल्यास नोंदीपुढे ‘तपासणी बाकी’ असे लिहून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावे.