प्रवाळ मरताहेत, एफडी मोडू का?

मनीषनगरच्या एका वाचकाचं पत्र आलंय. घरी 300 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, तीन वर्षं उत्तम चाललेली. एप्रिलच्या शेवटापासून आतापर्यंत 14 पैकी 9 प्रवाळ गेले आणि कारण सापडत नाही. दुकानदार म्हणतो, नागपूरचा उन्हाळा आहे, चिलर (टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र) लागणारच, लाइटही जुने झालेत. 65 हजारांचा चिलर, 80 हजारांचे एलईडी, 65 हजारांचे नवे प्रवाळ, म्हणजे 2 लाख 10 हजार. मुलीच्या पुढच्या वर्षीच्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी ठेवलेली 4 लाखांची एफडी मोडावी, की घरातलं सोनं गहाण ठेवावं, हा त्यांचा प्रश्न.

भाऊ, दोन्ही नको. निदान आत्ता तरी नाही. प्रवाळ कशाने मेले हेच माहीत नसताना दोन लाखांचं औषध आणायला निघालात तुम्ही.

माझ्याकडेही काही वर्षं अशी टाकी होती, म्हणून तुम्ही पाठवलेली नोंदवहीची पानं मी पासबुकासारखी ओळ न् ओळ वाचली. तापमान 26 ते 28 अंश. नवतपातही 28 च्या वर गेलेलं नाही, कारण त्या खोलीत तुम्ही दिवसरात्र एसी लावता. खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) 1.025, अल्कलिनिटी 8 ते साडेआठ, कॅल्शियम 420. सगळं जागच्या जागी. लाइट जुने झाले की प्रवाळ हळूहळू खालावतात, आठवड्याला एक असे जात नाहीत. मग दुकानदाराचं निदान कोणत्या आकड्यावर उभं आहे?

मला मात्र तुम्ही जाता जाता लिहिलेल्या दोन ओळी खटकल्या. एक, 'मासे मजेत आहेत, गोगलगायी मात्र सर्वांत आधी मेल्या.' दुसरी, 'रोज सहा लिटर पाणी उडतं, ते स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्याने भरतो, पाडव्याला नवीन मशीन घेतलं.' मासे जिवंत आणि बिनकण्याचे जीव पटापट जातात, तेव्हा पहिला संशय तांब्यावर घ्यायचा. हल्ली बऱ्याच प्युरिफायरमध्ये पाण्यात मुद्दाम तांबं सोडणारं कार्ट्रिज असतं. माणसाला त्याचा त्रास नाही; पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची इष्ट मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत चालतं. पण माशांच्या परजीवींवर तांब्याचं औषध देतात ते लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम, आणि तेवढ्यात प्रवाळ, गोगलगायी, कोळंबी मरतात.

आता व्याजाचं गणित बघा. पाणी उडतं, तांबं उडत नाही. समजा मशीनच्या पाण्यात लिटरला 0.3 मिलिग्रॅम तांबं आहे. रोज सहा लिटरप्रमाणे महिन्याला 180 लिटर, म्हणजे 54 मिलिग्रॅम. ते 300 लिटरमध्ये साठलं की 0.18. पाडव्यानंतर साधारण महिन्याभराने पहिला प्रवाळ गेला, हे तुमच्याच वहीत आहे. पाणी बदलताना थोडं निघून जातं, थोडं दगड शोषतात, त्यामुळे हा आकडा अंदाजाचाच. पण हे शोषणारे दगड पुढे तेच तांबं परत सोडू शकतात, म्हणून 65 हजारांचे नवे प्रवाळ आज सोडणं म्हणजे पैसे पाण्यात सोडणं, अगदी शब्दशः.

तेव्हा खर्चाची मर्यादा 20 हजार, आणि तीही पगारातून. टाकीच्या पाण्याची धातूंसह प्रयोगशाळेत तपासणी, टॉप-अपसाठी, म्हणजे उडालेलं पाणी भरायला, डीआय रेझिन (आरओनंतर उरलेले क्षार-धातू काढणारे दाणे) असलेलं वेगळं आरओ युनिट (पाण्यात विरघळलेलं मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसलं पाहिजे), तांबं ओढणारं रेझिन आणि कार्बन. तपासणीत तांबं निघालं नाही, तर पंपाचं गंजलेलं चुंबक, हीटरची चीर हे बघायचं. तेही फुकटात दिसतं.

चिलरबद्दल दुकानदार अगदीच खोटं बोलत नाही. पण हिशेब असा: एसी रोज दहा-अकरा युनिट खातो, चिलर तीन-चार. महिन्याला 210 युनिट वाचले आणि तुमच्या टप्प्यात युनिटला दहा रुपये धरले, तरी 2,100 रुपये. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत सव्वासहा हजार. 65 हजार वसूल व्हायला दहा वर्षं, आणि तोवर तो चिलर टिकेल का? शिवाय तो गरम हवा त्याच खोलीत सोडतो. घ्यायचाच तर दिवाळीनंतर, आवर्ती ठेवीतून.

एफडीचं एवढंच: 13 महिने झालेत, 7 टक्क्यांची ठेव आज मोडली तर तुमच्या बँकेच्या पत्रकाप्रमाणे 5.6 टक्के मिळतील, म्हणजे सुमारे सहा हजारांचं नुकसान. उद्या खरोखर गरज पडली तर मोडू नका, त्याच एफडीवर कर्ज घ्या. ते साधारण एक-दोन टक्के जास्त व्याजाने मिळतं. सोनं तर काढूच नका. पण मुलीच्या फीच्या पैशावर माशांसाठी कर्ज, हे घरात कसं सांगाल तेही ठरवून ठेवा.

एक कायद्याची गोष्ट. कठीण सांगाड्याचे प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पक्कं बिल आणि आयातीचे कागद नसतील तर स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका. हिशेबात प्रवाळांच्या पुनर्विक्रीची किंमतही धरू नका. टाकीत 'चार लाख आधीच घातलेत' असं तुम्ही लिहिलंय, पण ते चार लाख आता कोणत्याच रकान्यात बसत नाहीत.

आज संध्याकाळी प्युरिफायरचं झाकण उघडा आणि आतल्या कार्ट्रिजवर काय छापलंय त्याचा फोटो पाठवा. तोवर टॉप-अपला बाजारातलं डिस्टिल्ड पाणी वापरा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते नव्हे.