ताई ‘ते’ कशी झाली?
अगं, गोव्यातल्या डिचोलीच्या पोरीने मराठीच्या वहीत ‘ताई आलं, ते जेवलं’ लिहिलं म्हणून लगेच लाल रेघ ओढू नकोस. कोकणीत तरुण मुलीला ‘तें’ म्हणतात; ती घरचंच व्याकरण वहीत उतरवते. तिचं वाक्य आणि ‘ताई आली, ती जेवली’ अशी दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी लिही, फरक तिलाच शोधू दे.

खरी गंमत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ची. कोकणीत दोन्हींना ‘आमी’ चालतं. मी जत्रेतलं खाजं, म्हणजे तिथला गोड खाऊ, वर्गात नेते. ‘आपण खाऊया’ म्हटलं की हात पुढे येतात, ‘आम्ही खातो’ म्हटलं की तोंडं पडतात! नियम सांगावाच लागत नाही.

लिहिताना ‘त्याने त्याला ढकललं’ हमखास येतं. ‘कोणी? कोणाला?’ विचार. तिथे नावच लिहायला लाव.