राग येतो, म्हणजे विश्वास खोटा?

"त्याच्यासाठी रोज प्रार्थना करते, तरी तो समोर आला की तळपायाची आग मस्तकात जाते. माझा विश्वासच खोटा आहे का?"

हा प्रश्न माझ्यासमोर सतत येतो. विचारणारी कधी एखादी सून असते, कधी वर्गात टिंगल सोसणारा मुलगा, कधी कामाच्या ठिकाणी मुद्दाम डावलले गेलेले गृहस्थ. शब्द वेगळे, पण आतली भीती एकच. ख्रिस्ताने वैऱ्यांवर प्रीती करायला सांगितलं आणि मला तर घरातलं माणूस सोसवत नाही. मग मी कसला ख्रिस्ती?

अशाच एका ताईंची गोष्ट इथे सांगते. त्या मलाही ताईच म्हणायच्या. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

वय पस्तिशीचं. घरात चर्चमधल्या उपासनेला जाणाऱ्या त्या एकट्याच. आई अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं त्याच करायच्या. मोठा भाऊ त्याच घरात. उपासनेच्या वेळी तो नेमकी कामं काढायचा. पाहुणे आले की म्हणायचा, "आमच्या घरात एक संत जन्माला आलाय, दर्शन घ्या." एकदा टेबल आवरताना त्याने बायबल रद्दीच्या गठ्ठ्यात टाकलं. ताई हसून गप्प बसायच्या, त्याला चहा करून द्यायच्या. मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, त्यांच्या सहनशीलतेचं उदाहरण दिलं जाई. पण त्या माझ्याकडे भावामुळे आल्या नव्हत्या. गृहपाठ चुकला म्हणून लहान मुलीवर इतक्या जोरात ओरडल्या होत्या की ती थरथरायला लागली. त्याने घाबरून त्या आल्या.

"दादा बोलतो तेव्हा तुम्ही काय करता?"

"काही नाही. हसते."

"आणि मनात?"

"मनात नको नको ते येतं, ताई. देवाला काय वाटत असेल माझ्याबद्दल?"

इथे पुष्कळ जण लगेच क्षमेवर बोलायला लागतात. मी तसं करत नाही. मी विचारलं, झोप किती होते? जेमतेम चार तास. जेवण? उभ्याउभ्या. बायबलमध्ये राजे पहिले पुस्तक, अध्याय १९ मध्ये संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत पडला आहे. देवदूत त्याला उपदेश करत नाही. "ऊठ, खा," म्हणतो. भाकर आणि पाणी ठेवलेलं असतं. तो खातो, झोपतो, पुन्हा उठवला जातो, पुन्हा खातो. मग तो होरेब डोंगरावर पोचतो, आणि देवाशी बोलणं होतं ते तिथे. क्रम लक्षात घ्या. थकलेल्या शरीरात प्रीतीला जागा उरत नाही. म्हणून आमचं पहिलं काम ठरलं ते आईजवळच्या रात्रपाळीचं. आठवड्यातल्या दोन रात्री मावशीने झोपायला यायचं आणि ताईंनी दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. हे आध्यात्मिक काम आहे, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं, कारण झोप मागताना त्यांना अपराधी वाटत होतं.

दुसरं काम रागाचं. राग गिळला की तो जिरत नाही, दुबळ्या माणसावर निघतो. इथे तो मुलीवर निघाला. बायबलमधलं स्तोत्र १३ घेतलं. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत दावीद चार वेळा "कोठवर?" विचारतो, पुढच्या दोनांत मागणं मागतो, शेवटच्या दोनांत भरवसा ठेवतो. हाच साचा घ्यायचा. दोन ओळी तक्रारीच्या, दोन मागण्याच्या, दोन भरवशाच्या, रोज दहा मिनिटं, कागदावर. यात एक चूक हमखास होते. भाविक माणसं पहिल्या दोन ओळी मिळमिळीत लिहितात आणि धावत शेवटच्या दोन ओळींवर जातात. ताईंनीही "प्रभू, मला जरा त्रास होतो" असं लिहून आणलं.

"जरा?" मी विचारलं.

त्यांनी ते खोडलं आणि लिहिलं, "तू बघतोस आणि गप्प बसतोस, कोठवर?" लिहून झाल्यावर घाबरल्या. "देवाला असं म्हणायचं असतं?" म्हटलं, शास्त्रात छापलंय, म्हणजे म्हणता येतं. भरवशाच्या ओळी सुचत नसतील त्या दिवशी त्या कोऱ्या सोडायच्या. खोट्या लिहायच्या नाहीत.

मग वही. ही पद्धत मी वर्षानुवर्षं वापरते आणि तिने मला क्वचितच निराश केलं आहे. पानावर तीन रकाने. पहिल्यात समोरच्याचे शब्द, जसेच्या तसे. दुसऱ्यात तिथे आणखी कोण होतं. तिसऱ्यात मी काय केलं. त्याच रात्री लिहायचं, एका प्रसंगाला चार ओळींपेक्षा जास्त नाही, दोन आठवडे. "तो दुष्टपणे बोलला" असं लिहिलं की वहीचा उपयोग संपतो, कारण ते आपलं मत झालं. त्याचं वाक्य हवं.

दोन आठवड्यांनी वही वाचताना दोन गोष्टी दिसल्या. सगळेच प्रसंग विश्वासाचे नव्हते. बरेचसे औषधांच्या खर्चावरून आणि आईजवळ कोण थांबणार यावरून झालेले होते. एका ठिकाणी तर भावाचं बरोबर होतं. ताई उपासाच्या प्रार्थनेला गेल्या होत्या आणि आईच्या संध्याकाळच्या गोळीचं कुणालाच सांगितलं नव्हतं. पेत्राच्या पहिल्या पत्रात (४:१५-१६) ख्रिस्ती म्हणून सोसणं आणि दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ केल्याने सोसणं यांत सरळ फरक केला आहे. घरातल्या प्रत्येक भांडणाला छळ म्हटलं की आपली चूक कधी दिसत नाही आणि खरा छळही ओळखू येत नाही. ताईंनी गोळीबद्दल भावाची माफी मागितली, तेवढ्यापुरती, पुढे "पण तूही" न जोडता.

दुसरी गोष्ट मधल्या रकान्यात होती. विश्वासावरचे जवळजवळ सगळे टोमणे चारचौघांत मारलेले होते. दोघंच असताना भाऊ त्या विषयावर फारसं बोलतच नव्हता. ताईंच्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं. मी अर्थ सांगितला नाही, नुसतं बोट ठेवलं.

"मग त्याच्याशी बोला," मी म्हटलं. त्या एकदम मागे सरल्या.

"ताई, एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करायचा. मी बोलायचं कसं?"

मी योहान १८ उघडून त्यांच्या हातात दिलं. बाविसावं आणि तेविसावं वचन मोठ्याने वाचायला सांगितलं. यहुद्यांच्या महायाजकासमोर येशूची चौकशी चालू आहे, तिथला एक कामदार, म्हणजे शिपाई, येशूला चपराक मारतो. येशू म्हणतो, मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, आणि बरं बोललो असेन तर मला का मारतोस?

त्यांनी वाचलं. मग न सांगता पुन्हा वाचलं.

"दुसरा गाल पुढे करा असं सांगणारा हाच ना?" मी विचारलं.

"हाच."

"मारल्यावर याने काय केलं?"

"उलट मारलं नाही." थांबून, "गप्पही बसला नाही. विचारलं."

"शिवी? शाप? धमकी?"

"नाही. नुसतं विचारलं, का मारतोस." बराच वेळ त्या त्या पानाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी दादाला आजवर एकदाही विचारलेलं नाही. मला वाटायचं मी प्रेमाने गप्प बसते. मी भीतीने गप्प बसत होते, ताई."

हे वाक्य त्यांचं त्यांना सापडलं, आणि माझ्या मते सगळं त्यात आहे. आपण शांत राहण्याला प्रीती समजतो. पण मनातल्या मनात समोरच्याला कायमचं निकालात काढूनही माणूस शांत राहू शकतो. "हा काय बदलणार" असं ठरवून हसत चहा देणं ही प्रीती नव्हे. जो विचारतो, तो समोरच्याला उत्तर देण्याच्या लायकीचा मानतो. येशूने त्या कामदाराला तेवढा मान दिला. भावाला प्रश्न न विचारून ताईंनी तोच नाकारला होता. आणि रागाचं म्हणाल, तर काहीतरी विचारायचं राहून गेलंय, हे त्यांना तो राग इतके दिवस सांगत होता. त्याला पाप समजून दाबल्यामुळे ते ऐकू आलं नव्हतं.

मग वाक्य तयार केलं. पहिला मसुदा लांबलचक होता, त्यात दोन वचनं आणि "तू नेहमीच" हे शब्द. वचनं काढली, कारण भांडणात वचन ऐकणाऱ्याला ढालीसारखं नाही, काठीसारखं लागतं. "नेहमीच" काढलं, कारण त्यावर समोरचा एक अपवाद शोधतो आणि वाद तिकडे जातो. "तरी मी तुला क्षमा केली आहे" हेही काढलं. न मागितलेली क्षमा बोलून दाखवली की ती वरून खाली दिल्यासारखी वाटते. उरलं ते असं: "दादा, पाहुण्यांसमोर तू माझ्या प्रार्थनेवर बोलतोस ते मला लागतं. असं का बोलतोस? काही असेल तर मला एकटीला सांग."

कधी बोलायचं तेही ठरवलं. टोमणा मारल्यावर लगेच नाही, दुसऱ्या दिवशी, पोटात अन्न असताना, दोघंच असताना. एकदाच म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं. उत्तराची वाट बघत उभं राहायचं नाही.

भाऊ "बरं" म्हणाला आणि दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आईची चादर बदलताना म्हणाला, "लोक मला विचारतात, बहीण कुठे जाते म्हणून. त्यांनी हसायच्या आत मी हसून घेतो." मधला रकाना हेच सांगत होता. त्यानंतर पाहुण्यांसमोरचं बोलणं कमी झालं. उपासनेला तो आला नाही, त्याची मतंही तीच आहेत. मी याला यश मानते.

लूक ६:२७-२८ मध्ये वैऱ्यांविषयी चार आज्ञा आहेत. प्रीती करा, बरं करा, आशीर्वाद द्या, प्रार्थना करा. यातल्या शेवटच्या तीन सरळ हातांनी आणि तोंडाने करायच्या आहेत. आधी मन मऊ होऊ दे, मग करीन, असं म्हणणारे वर्षानुवर्षं थांबून राहतात. कृती आधी केली की मन मागून येतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

प्रार्थनेला तीन मिनिटं पुरतात, पण ती "त्याला बदल" इथून सुरू झाली की आरोपपत्र होते. नियम सोपा आहे. त्याची मतं कधीच बदलली नाहीत तरी त्याला हितकारक ठरेल अशी एक गोष्ट रोज मागायची. ताईंनी भावाच्या पाठदुखीपासून सुरुवात केली. बरं करण्यातही अडचण येते. आपण केलेलं त्याला दिसलं नाही तर चीड येते का, हे तपासायचं. येत असेल तर ते काम आपल्या ताकदीपेक्षा मोठं आहे, लहान करायचं. रोमकरांस पत्रात (१२:२०) वैऱ्याला अन्न आणि पाणी द्यायला सांगितलंय, मेजवानी नाही.

क्षमा आणि भरवसा यांचीही गल्लत होते. उत्पत्तीत योसेफ त्याला गुलाम म्हणून विकणाऱ्या भावांसाठी एकांतात जाऊन रडतो, त्यांना धान्य देतो, पण सगळ्यांत धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला ठेवून त्यांची पारखही करतो. त्यांतला यहूदा बन्यामिनाच्या जागी स्वतः गुलाम राहायला तयार होतो तेव्हाच तो ओळख देतो. क्षमा आज करता येते. भरवसा समोरच्याच्या वागण्यातून, हळूहळू परत येतो.

आणि जिथे अंगावर हात टाकला जातो, जिवाची धमकी दिली जाते, तिथे वरची वही आणि वाक्य बाजूला ठेवा. तिथे आधी सुरक्षित जागी जायचं. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, हे मत्तय १०:२३ मध्ये येशूनेच सांगितलं आहे. प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरात रोमी नागरिक म्हणून हक्क मागितला आणि पुढे कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. पोलिसांत जाणं, वकील गाठणं हे विश्वासाच्या विरुद्ध नाही. विश्वासातल्या एका तरी माणसाला सगळं ठाऊक असू द्या, कागदपत्रं एकत्र ठेवा. मंडळीतल्या कुणी "सोसा, आशीर्वाद मिळेल" असं म्हटलं तर तो सल्ला तुमच्यासाठी नाही.

"किती दिवस लागतील?" हा शेवटचा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. काही वर्षांनी दोघं पुन्हा एकत्र आले आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, आपल्या चालीने, आपल्या विचाराने. प्रत्येक घरात असंच होईल असं मी कुणाला सांगत नाही. ताईंना मी इतकंच सांगितलं की वही आता रोज नको, महिन्यातून एक आठवडा लिहा. मुलीवर पुन्हा आवाज चढला तर मात्र महिन्याची वाट न बघता त्याच दिवशी काढा, आणि आधी मधला रकाना वाचा.